ते ५३ मेगाहर्ट्झ कुठे गेले?

माझी भाची पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्चमधल्या एका रात्री तिनं मला तिच्या प्रोजेक्टमधल्या अँटेनाच्या आलेखाचा फोटो पाठवला. त्यात दोन रेघा होत्या. निळी सॉफ्टवेअरनं काढलेली, लाल प्रयोगशाळेत मोजलेली. दोन्ही रेघा सपाट चालत येतात, एका जागी खोल दरीत उतरतात आणि पुन्हा वर चढतात. दरी म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला अँटेना ऊर्जा परत न फेकता आत घेतो ती जागा. निळ्या रेघेची दरी बरोबर २.४५ गिगाहर्ट्झला होती, वायफायच्या पट्ट्याच्या जवळपास मधोमध. लाल रेघेची २.३९७ ला. म्हणजे ५३ मेगाहर्ट्झ खाली, पट्ट्याच्या बाहेर. फोटोखाली एकच ओळ होती: ‘मामा, सॉफ्टवेअर चुकलं की मी?’

तिच्या मार्गदर्शकांनी रिपोर्टमध्ये ‘फॅब्रिकेशन एरर’, म्हणजे बनवताना झालेली चूक, असं लिहून टाकायला सांगितलं होतं. हे दोन शब्द मी इतक्या रिपोर्टांत वाचले आहेत की ते दिसले की मला वाईट वाटतं. शिकण्यासारखं सगळं जिथे सुरू होतं, नेमक्या तिथेच ते दार लावून घेतात. मी तिला एवढंच विचारलं, ‘व्हर्नियर कॅलिपर आहे का?’

तिचा अँटेना अगदी साधा आहे. ज्याला पॅच अँटेना म्हणतात तो. दोन्ही बाजूंना तांबं असलेला १.६ मिलिमीटर जाडीचा सर्किट बोर्ड, खालचं तांबं अखंड, वर तांब्याचा फक्त एक आयत. आयताची रुंदी ३७ मिलिमीटरच्या आसपास, लांबी २८.८३. ही लांबीच सगळं ठरवते. बोर्डाच्या आतल्या लहरीची साधारण अर्धी तरंगलांबी तिच्यात बसली की अँटेना बोलू लागतो. हवेत २.४५ गिगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी ६१ मिलिमीटर भरते. बोर्डाच्या पदार्थात लहर निम्म्या वेगानं चालते, म्हणून तिथे ती ३० च्या घरात येते. आयताच्या कडांपाशी विद्युतक्षेत्र थोडं बाहेर डोकावतं, त्यामुळे प्रत्यक्ष तांबं त्याहून दीडेक मिलिमीटर आखूड ठेवावं लागतं.

म्हणजे फ्रिक्वेन्सी खाली घसरायला दोनच मोठी कारणं उरतात: आयत लांब झाला, किंवा लहर आपण धरली त्यापेक्षा हळू चालते आहे. या अँटेनात लांबी ०.१ मिलिमीटरनं चुकली तर फ्रिक्वेन्सी ८ मेगाहर्ट्झ सरकते. ५३ साठी जवळजवळ दोन-तृतीयांश मिलिमीटरची चूक हवी. भाचीनं दुसऱ्या दिवशी कॅलिपर लावला. लांबी २८.८ भरली. बोर्ड बनवणाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. ‘फॅब्रिकेशन एरर’ तिथेच निकालात निघाली.

उरला संशय सॉफ्टवेअरवर. ते आत काय करतं हे ठाऊक असल्याशिवाय त्याच्यावर बोट ठेवता येत नाही.

विद्युतचुंबकीय लहरींची मूळ समीकरणं मॅक्सवेलची, १८६५ च्या निबंधातली. आज आपण ती ज्या चार ओळींत लिहितो ते रूप पुढे हेविसाइडनं दिलं. या आकाराच्या आणि या फ्रिक्वेन्सीच्या वस्तूंसाठी त्या समीकरणांत आजवर खोट सापडलेली नाही. अडचण वेगळी आहे. गोळा, लांब नळी असे मोजके आकार सोडले तर ही समीकरणं कागदावर सुटत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअर जागेचे बारीक तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यात सोपं गणित करतं. तुकड्यांच्या या जाळीला मेश म्हणतात. १९६६ साली केन यी यांनी जागेचे चौकोनी ठोकळे पाडून लहर क्षणाक्षणानं पुढे सरकवायची रीत मांडली. १९६८ साली रॉजर हॅरिंग्टन यांच्या ग्रंथानं फक्त धातूवरच्या प्रवाहांचे तुकडे पाडायची रीत रूढ केली. तिसरी रीत जागा चार पृष्ठांच्या छोट्या पिरॅमिडसारख्या तुकड्यांनी भरते. बाजारातली आजची बहुतेक सॉफ्टवेअरं या तिघींपैकी एकीची, किंवा त्यांच्या मिश्रणाची, वंशज आहेत.

दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढताना ठिपके लांब लांब असले तर गोल पाकळी टोकदार होते, जवळ जवळ घेतले की गोलाई येते. मेशचं तसंच आहे. साधारण नियम असा की एका तरंगलांबीत निदान १० तुकडे तरी हवेत, आणि तांब्याच्या कडांपाशी, जिथे क्षेत्र एकाएकी वाढतं, तिथे पुष्कळ जास्त. चांगलं सॉफ्टवेअर स्वतःच जाळी दाट करत जातं आणि उत्तर हलायचं थांबलं की थांबतं. याला उत्तर स्थिरावणं म्हणू.

बहुतेक गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. उत्तर स्थिरावलं याचा अर्थ सॉफ्टवेअरनं तुम्ही विचारलेला प्रश्न नीट सोडवला, इतकाच. प्रश्न बरोबर विचारला होता की नाही हे त्याला कळायला मार्ग नाही. ‘गणित बरोबर सुटलं का?’ आणि ‘हे गणित या वस्तूचंच होतं का?’ हे दोन अगदी निरनिराळे सवाल आहेत, आणि दोघांची तपासणीही निरनिराळी करावी लागते.

पहिल्या सवालाची तपासणी पुष्कळ झाली आहे. धातूच्या किंवा पाण्याच्या गोळ्यावर लहर आपटली तर काय होतं याचं नेमकं गणित गुस्ताव्ह मी यांनी १९०८ सालीच दिलं होतं. नवं सॉफ्टवेअर लिहिणारा आधी गोळाच सोडवून पाहतो, कारण तिथे खरं उत्तर कागदावर तयार असतं. त्यापुढची पायरी म्हणजे कागदावर न सुटणारे पण सूत्रानं काटेकोर सांगता येणारे आकार. त्यांतला प्रसिद्ध आकार म्हणजे ‘नासा आल्मंड’, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा धातूचा बदाम. रडारच्या लहरी त्याच्यावरून किती परत येतात याची मोजमापं १९९३ मध्ये छापली गेली आणि तेव्हापासून रडारचं गणित करणारं जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर त्या बदामावर घासून पाहिलं जातं. पृष्ठभाग सूत्रानं दिलेला असल्यामुळे जगात कुणीही तोच बदाम बनवू शकतो, आणि शुद्ध धातूचा असल्यामुळे पदार्थाबद्दल वाद उरत नाही. अशा ठिकाणी गणित आणि मोजमाप एकमेकांवर इतकं चपखल बसतं की दोन रेघा वेगळ्या दाखवायला रंग बदलावा लागतो.

भाचीनं जाळी दुप्पट दाट केली. दरी दोन-तीन मेगाहर्ट्झनं हलली, बस. मग मी तिला दुसऱ्या पद्धतीच्या एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये तोच अँटेना उभारायला सांगितला. तिथेही २.४५ च्या आसपासच आलं. तिला वाटलं, दोन साक्षीदार एकच सांगतात, म्हणजे मोजमापच चुकलं असणार. पण दोन्ही साक्षीदारांना माहिती देणारी ती एकटीच होती. आत घातलेला आकडा चुकीचा असेल तर दहा सॉफ्टवेअरं मिळूनही तीच चूक सांगतील.

तो आकडा होता ४.४. बोर्डाच्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे तो पदार्थ लहरीला किती हळू करतो याचं माप.

बोर्डाचं नाव एफआर-४. यातलं ‘एफआर’ म्हणजे फ्लेम रिटार्डंट, सहजासहजी आग न पकडणारं. हे नाव पदार्थाच्या जळण्याबद्दल बोलतं, लहरींबद्दल एक अक्षरही बोलत नाही. आत काय असतं? काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड आणि त्यात मुरवलेलं इपॉक्सी. काचेचा आकडा ६ च्या जवळ, इपॉक्सीचा ३ च्या थोडा वर. कापड जाड की पातळ, इपॉक्सी किती मुरलं, यावर मिश्रणाचा आकडा ठरतो आणि तो कारखान्यागणिक, जाडीगणिक बदलतो. ४.२ पासून ४.८ पर्यंत काहीही निघू शकतं. सॉफ्टवेअरच्या तयार याद्यासुद्धा एकमत नाहीत. एचएफएसएसच्या यादीत एफआर-४ चा आकडा ४.४ आहे, सीएसटीच्या यादीत ४.३. दोन्ही नावाजलेली सॉफ्टवेअरं, आणि दोघांनाही चूक म्हणता येत नाही. तुमच्या हातातली शीट त्यांनी पाहिलेलीच नाही.

आता हिशेब पाहा. लहरीचा वेग या आकड्याच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात बदलतो. ४.४ ऐवजी खरा आकडा ४.६ असेल तर तो साडेचार टक्क्यांनी जास्त झाला, फ्रिक्वेन्सी सव्वादोन टक्क्यांनी खाली येणार. २.४५ वरून २.३९७. बरोबर ५३ मेगाहर्ट्झ.

असा आकडा जुळला की मोह होतो: सापडलं, ४.६ लिहा आणि मोकळे व्हा. मी तिला थांबवलं. कारण उत्तर ठाऊक असताना त्याला साजेसा आकडा शोधणं फार सोपं असतं. त्याकडे परत येतो.

महागड्या पदार्थांत हा घोळ नसतो असा समज आहे, तो अर्धाच खरा. रॉजर्स कंपनीचा आरओ-४००३सी हा पदार्थ मायक्रोवेव्हवाल्यांचा आवडता. त्याच्या माहितीपत्रकात एकाच पदार्थाला दोन आकडे दिलेले आहेत. एक ३.३८, त्यात ०.०५ चा वर-खाली फरक, आणि दुसरा ३.५५, जो डिझाइनसाठी वापरावा असं तिथेच म्हटलंय. एकाच शीटला दोन आकडे कसे? पहिला कारखान्यातल्या चाचणीतून येतो. तिथे पदार्थाचे तुकडे शिकंज्यात दाबून मोजतात, आणि कितीही दाबलं तरी हवेची पुसटशी फट राहते, त्यामुळे आकडा कमी भरतो. दुसरा आकडा प्रत्यक्ष सर्किटं बनवून काढलेला. तिथे तांबं पदार्थाला चिकटलेलं असतं आणि ते धरून राहावं म्हणून त्याची आतली बाजू मुद्दाम खरखरीत केलेली असते. हा खरखरीतपणासुद्धा लहरीला किंचित हळू करतो. जो नवखा माणूस पहिला आकडा उचलून डिझाइन करतो त्याचा अँटेना दोन-अडीच टक्क्यांनी खाली येतो, आणि तो बिचारा सॉफ्टवेअरला दोष देत बसतो.

खरखरीतपणाचा दुसरा परिणाम ऊर्जेच्या नुकसानीवर होतो. उच्च फ्रिक्वेन्सीचा प्रवाह तांब्याच्या वरच्या कातडीतूनच वाहतो. १० गिगाहर्ट्झला ही कातडी एका मायक्रोमीटरच्या दोन-तृतीयांश इतकी पातळ असते, तर तांब्यावरचे उंचवटे कित्येक मायक्रोमीटरचे. सपाट रस्ता समजून काढलेल्या प्रवासाला घाट लागला तर वेळ लागणारच.

हे सगळं वाचून सिम्युलेशन, म्हणजे सॉफ्टवेअरचं हे गणित, भरवशाचं नाही असं वाटेल. उलटं उदाहरण देतो. रडारमध्ये वापरतात त्या पोकळ धातूच्या नळ्या, वेव्हगाइड. १० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली नेहमीची नळी आतून २२.८६ गुणिले १०.१६ मिलिमीटर असते. आत फक्त हवा. हवेच्या आकड्याबद्दल कुणाचं दुमत नाही. यंत्रशाळेत २० मायक्रोमीटरची चूक झाली तरी ती रुंदीच्या एका हजारांशापेक्षा कमी. अशा नळीचं सिम्युलेशन इतकं नेमकं येतं की फिल्टर बनवणारे त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. तरीही त्या फिल्टरांवर ट्यूनिंगचे स्क्रू दिसतात, कारण अरुंद फिल्टरला एक हजारांशाचा फरकही सोसत नाही. १० गिगाहर्ट्झवर तो १० मेगाहर्ट्झ होतो. म्हणजे सिम्युलेशन किती चांगलं याला एक आकडा नसतो. वस्तूत काय आहे, आणि तिला किती फरक चालतो, या दोन्हींवर ते अवलंबून असतं.

भाचीच्या पॅचची वापरण्याजोगी रुंदी, म्हणजे बँडविड्थ, ६० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. मध्यापासून ३० इकडे, ३० तिकडे. म्हणून ५३ चा फरक तिला बाहेर फेकून देतो. हाच सव्वादोन टक्क्यांचा फरक एखाद्या रुंद पट्ट्याच्या अँटेनात कुणाच्या लक्षातही आला नसता, आणि रिपोर्टात ‘उत्तम जुळणी’ असं लिहिलं गेलं असतं.

‘जुळलं’ म्हणजे काय जुळलं, हा प्रश्न खरं तर सगळ्यांत आधी विचारायला हवा. भाचीला दुसरी एक चिंता होती: सॉफ्टवेअरची दरी उणे ३५ डेसिबलपर्यंत खोल होती, मोजलेली उणे १८ पर्यंतच. तिला ती केवढी तरी मोठी पडझड वाटत होती. उणे १८ म्हणजे १.६ टक्के ऊर्जा परत आली, उणे ३५ म्हणजे ०.०३ टक्के. दोन्हींत जवळपास सगळी ऊर्जा आत गेली. दरीचा तळ म्हणजे दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी. तिथे कनेक्टरच्या सोल्डरचा एक थेंबही तळ वर उचलतो. त्या खोलीसाठी झोप घालवू नये. दरी कुठे आहे आणि किती रुंद आहे ते पाहावं.

आणि इथे एक सापळा आहे, ज्यात अनुभवी माणसंही सापडतात. ऊर्जा परत आली नाही म्हणजे ती हवेत गेली असं नाही. ५० ओहमचा साधा डमी लोड जोडला तर त्याच्याकडूनही काही परत येत नाही, सगळं उष्णतेत जातं. एफआर-४ हा पदार्थ या फ्रिक्वेन्सीला बऱ्यापैकी ऊर्जा खातो. अशा पातळ पॅचमध्ये निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा बोर्ड तापवण्यात जाऊ शकते. त्यात गंमत अशी की नुकसान जितकं जास्त तितकी दरी रुंद होते, आणि आलेख जास्त देखणा दिसतो. म्हणून फक्त परावर्तनाचा आलेख जुळवून ‘सिम्युलेशन सिद्ध झालं’ म्हणणाऱ्या रिपोर्टांवर माझा विश्वास बसत नाही. अँटेना किती ऊर्जा बाहेर टाकतो, म्हणजे त्याचा गेन आणि कार्यक्षमता, हे मोजल्याशिवाय जुळणीला अर्थ नाही.

पण मोजमाप तरी सत्य असतं का? आपण लाल रेघ नेहमी खरी धरतो आणि निळीला तिच्यासमोर उभं करतो. लाल रेघेचीही उलटतपासणी व्हायला हवी.

व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर हे परावर्तन मोजणारं यंत्र मोजण्याआधी कॅलिब्रेट करावं लागतं: ज्ञात असलेले तीन-चार तुकडे जोडायचे, म्हणजे केबलच्या टोकापर्यंतचं सगळं यंत्र वजा करून टाकतं. ही वजाबाकी केबलच्या टोकाला संपते. त्यापुढचा कनेक्टर आणि त्याच्या आतला टेफ्लॉन मोजमापात शिल्लक राहतात. सॉफ्टवेअरमधलं पोर्ट, म्हणजे ऊर्जा जिथून आत सोडतात ती जागा, मात्र बोर्डाच्या कडेला चिकटलेलं असतं, त्याला कनेक्टर ठाऊकच नसतो. कनेक्टरचे एक सेंटिमीटर धरले तर २.४५ गिगाहर्ट्झला जाऊन-येऊन जवळपास ८५ अंशांचा फेज फरक पडतो. परावर्तन किती, ते तेवढंच राहतं, पण स्मिथ चार्टवर, म्हणजे परावर्तनाची मात्रा आणि फेज एकत्र दाखवणाऱ्या गोल आलेखावर, सगळं चित्र फिरून जातं. अँटेना जुळवायला मॅचिंगचे सुटे भाग लावायचे असतील तर या ८५ अंशांमुळे कपॅसिटरच्या जागी इंडक्टर लागेल असं उत्तर निघू शकतं.

छोट्या अँटेनात त्याहून मोठी फसगत केबलच करते. अंगठ्याएवढ्या बोर्डावरच्या अँटेनाला मीटरभर केबल लावली की बोर्डावरचा प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीवरून वाहू लागतो. मग आपण मोजतो ते अँटेना आणि केबल मिळून झालेल्या तिसऱ्याच वस्तूला. ओळखण्याची सोपी रीत आहे: मोजताना केबलवरून हात फिरवायचा. आलेख हलला तर केबल बोलते आहे. फेराइटचे मणी ओवले की ती बरीचशी गप्प बसते.

अँटेना मोजायच्या खास खोलीचं, अॅनेकॉइक चेंबरचंही तसंच. भिंतींवर काळ्या फोमचे सुळके असतात, पण परावर्तन शून्य होत नाही. समजा भिंतींवरून येणारी लहर मुख्य लहरीपेक्षा ४० डेसिबल खाली आहे. अँटेना जिथे सर्वाधिक ऊर्जा टाकतो त्या दिशेला यानं ०.१ डेसिबलचाही फरक पडत नाही. पण ज्या दिशेला अँटेनाची स्वतःची लहर उणे ३० वर आहे तिथे तीच भटकी लहर मोजमाप अडीच डेसिबल वर किंवा सव्वातीन खाली नेते. म्हणून पॅटर्नचा, म्हणजे कुठल्या दिशेला किती ऊर्जा जाते त्या आलेखाचा, मधला फुगवटा जुळतो आणि कडेच्या खोलगट जागा जुळत नाहीत, असं दृश्य जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात दिसतं. तिथे बरेचदा निळी रेघच जास्त खरी असते.

मोठ्या अँटेनाला तर चेंबरच पुरत नाही. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश आहेत, एकूण ३०. त्यांतल्या १४ खोडदलाच जवळ जवळ आहेत. दुर्बिणीचा हा भाग पुण्याहून नाशिकला जाताना वाकडी वाट करून पाहता येतो, आणि पाहावाच. अशा एका डिशचा पॅटर्न १४२० मेगाहर्ट्झला नीट मोजायचा तर पाठ्यपुस्तकातल्या नियमाप्रमाणे १९ किलोमीटर दूर उभं राहावं लागेल. डिश म्हणजे दोरांवर ताणलेली तारांची जाळी, तिच्यातून वारा जातो. तिच्या मध्यावर रिसीव्हर धरणारे पाय आहेत, आणि त्यांच्यावर आपटूनही लहरी विखुरतात. सिम्युलेशनमध्ये हे सगळं घालता येतं, पण खगोलशास्त्रज्ञ शेवटी डिश आकाशातल्या तेजस्वी रेडिओ स्रोताभोवती फिरवून तिचा पॅटर्न मोजतात आणि निरीक्षणांची दुरुस्ती त्या मोजलेल्या आकारानंच करतात. दोन्ही हाताशी असताना कुणावर विसंबायचं हे त्यांनी विचारपूर्वक ठरवलेलं आहे, आणि मला ते पटतं.

सर्वांत वाईट जुळणी कुठे होते? यंत्रांतून नकळत निसटणाऱ्या लहरींच्या बाबतीत, म्हणजे ईएमसीच्या चाचण्यांत. तिथे अँटेना म्हणून कुणी काही बनवलेलंच नसतं. डब्याच्या झाकणाची फट, पॉवर केबलचा झोल, रंगामुळे नीट न टेकलेला एक स्क्रू, हेच अँटेना बनतात. स्क्रू किती टेकला हे कुठल्याही रेखाचित्रात नसतं. या चाचण्यांच्या मोजमापातच ५-६ डेसिबलची अनिश्चितता मान्य केलेली आहे. ६ डेसिबल म्हणजे ऊर्जा चौपट. अशा ठिकाणी सिम्युलेशनकडून एका डेसिबलची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. पण फट अर्धी केली तर बाहेर निसटणारी ऊर्जा किती कमी होईल, हे ते छान सांगतं. ‘किती आहे’ यापेक्षा ‘किती बदलेल’ हे सिम्युलेशन नेहमीच जास्त खात्रीनं सांगतं, कारण वजाबाकीत दोन्हीकडच्या सारख्या चुका बऱ्याचशा गळून पडतात.

असे खडबडीत आलेख जुळले की नाही हे कोणी ठरवायचं? एकच आलेख पाहून एक अभियंता ‘चांगलं’ म्हणतो, दुसरा ‘बरं’. यावर उपाय म्हणून फीचर सिलेक्टिव्ह व्हॅलिडेशन नावाची रीत निघाली आणि २००८ च्या आयईईई १५९७.१ या मानकात ती घेतली गेली. दोन आलेखांची उंची किती जुळते आणि चढ-उतारांची ठेवण किती जुळते, याचे ती वेगवेगळे गुण देते आणि ‘उत्कृष्ट’पासून ‘फारच वाईट’पर्यंत सहा श्रेणींत बसवते. ‘जुळणी चांगली आहे’ असं नुसतं लिहिण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. आपल्याकडच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत ती क्वचितच दिसते याची मला खंत आहे.

आता त्या ४.६ कडे परत. आकडा जुळला तेव्हा मी भाचीला थांबवलं होतं, कारण सॉफ्टवेअरमध्ये फिरवायला खुंट्या पुष्कळ असतात. डायइलेक्ट्रिकचा आकडा, जाडी, नुकसान, फीडची (अँटेनात ऊर्जा शिरते त्या टोकाची) जागा. चार खुंट्या फिरवून निळी रेघ लाल रेघेवर बसवणं हे संध्याकाळभराचं काम आहे. असा जुळवलेला आलेख रिपोर्टात सुंदर दिसतो, पण त्यानं काहीच सिद्ध होत नाही. चुकीच्या कारणानं बरोबर आलेलं उत्तर पुढच्या डिझाइनमध्ये दगा देतं. तंबोऱ्याची एक तार उतरली म्हणून बाकीच्या तीन तिच्याशी मिळवल्या तर वाद्य आपापसात जुळेल, गायकाचा सूर मात्र हरवलेला असेल.

खरी रीत अशी की संशयित आकडा दुसऱ्याच वस्तूवर मोजायचा. त्याच शीटच्या तुकड्यावर आम्ही तांब्याचं एक कडं कोरून घेतलं, व्यास २१ मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना पट्ट्या आणल्या, पण त्यांना कड्यापासून बारीक फटीनं दूर ठेवलं, म्हणजे त्या कड्याला फक्त हलकेच छेडतील. कड्याच्या परिघात पूर्ण तरंगलांबी बसली की एक शिखर येतं, दोन बसल्या की दुसरं, दुपटीच्या जवळ. शिखर कुठे आलं यावरून लहरीचा वेग कळतो, शिखर किती टोकदार यावरून नुकसान. पॅचचा आणि कड्याचा आकार निराळा, फीड निराळं, पदार्थ मात्र तोच. कड्यानंही ४.६ सांगितलं. दुसऱ्या शिखरावर तोच आकडा थोडा खाली आला, आणि तसंच व्हायला हवं, कारण फ्रिक्वेन्सी वाढते तसा एफआर-४ चा आकडा हळूहळू उतरतो. बोर्डाची जाडीही कॅलिपरनं पाहिली. तांबं वगळून ती दीडपेक्षा किंचित जास्त होती. या फरकानं फ्रिक्वेन्सी दोन-तीन मेगाहर्ट्झच हलते, पण बँडविड्थ अरुंद होते, म्हणून तीही मॉडेलमध्ये घातली.

मग कुठलीही खुंटी न फिरवता, फक्त हे मोजलेले आकडे घालून, तिनं मूळ पॅच पुन्हा सोडवला. निळी दरी २.४० च्या जरा अलीकडे-पलीकडे आली. लाल रेघेच्या चार-पाच मेगाहर्ट्झ जवळ. ते चार-पाच कुठून आले असतील याचीही यादी तिनं केली: कॅलिपरची अचूकता, वरचा हिरवा सोल्डरमास्क, कनेक्टरचं सोल्डर. प्रत्येकापुढे त्याचा अंदाजे हिस्सा लिहिला. रिपोर्टमधली ‘फॅब्रिकेशन एरर’ची ओळ खोडून तिथे तिनं ही यादी चिकटवली.

नव्या आकड्यांनी २.४५ साठी पॅचची लांबी २८.२ मिलिमीटरच्या जवळ आली, म्हणजे आधीपेक्षा सहा-सात दशांश मिलिमीटर आखूड. बोर्डवाल्याकडे जाताना ती विचारत होती की त्याच्याकडे तीच शीट संपली असेल तर दुसरी चालेल का. मी म्हटलं, चालेल, पण मग कडंही पुन्हा कोरून घे.